चवळी कुर्लीचं दार

एक होता किनारा. लांबच लांब. इकडे बघा, वाळू. तिकडे बघा, वाळू. दुकान नाही. बाकडं नाही. रस्ता नाही. नुसती वाळू, नुसता वारा आणि नुसता दर्या.

त्या एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर एक कुर्ली राहायची. कुर्ली म्हणजे खेकडी. केवढी? चवळीच्या दाण्याएवढी. म्हणून तिचं नावच चवळी.

चवळीचं घर वाळूत. खोल खोल बीळ. बिळाला गोल गोल दार. दार केवढं? तुमच्या करंगळीएवढं.

ओहोटी लागली, की दर्या जायचा लांब. मग चवळी यायची बाहेर. तिरकी तिरकी, तुरुतुरु. वाळू उचलायची, चाटायची, गोळी करायची, ठेवायची. उचलायची, चाटायची, गोळी करायची, ठेवायची. टप् टप् टप्! दाराभोवती गोळ्यांची रांगोळी.

भरती लागली, की दर्या यायचा जवळ. मग चवळी शिरायची आत. सुळकन! वाळूने दार लावून घ्यायची. गुप्प!

एक दिवस काय झालं, चवळी गेली जरा लांब. ओल्या वाळूत खाऊ छान होता. खाऊन परत आली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

बघते तर काय! दार कुठे आहे?

दारावर बसलं होतं पोतं. ढप्प! हे एवढं थोरलं पोतं. त्यात तुटक्या चपला, रिकाम्या बाटल्या, जाळ्याचे तुकडे. दर्याने आणून टाकलेला सगळा कचरा.

चवळी घाबरली. आता भरती येणार. लाट येणार. दार नाही, तर लपायचं कुठे? लाट तिला घेऊनच जाईल!

चवळी पोत्याजवळ गेली. म्हणाली,

"पोत्या रे पोत्या, जरा हल!"

"का गं?"

"दार उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

पोतं म्हणालं, "खळखळ, खळखळ. पोट भरलंय माझं. आणि पाय कुठे आहेत मला? वेणूमावशीने ठेवलं, मी बसलो. वेणूमावशी आली तर हलेन. नाही तर नाही!"

चवळी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

वेणूमावशी बसली होती सुरूच्या झाडाखाली. ती आणि गावातली माणसं. दर अष्टमीला ती सगळी किनाऱ्यावर यायची. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते ना! दर्याने टाकलेला कचरा वेचायची, पोती भरायची. गाडी मात्र वाळूवर आणायची नाहीत. पोती खांद्यावरून न्यायची. का? तर वाळूखाली कुणी ना कुणी राहतं.

धाकूकाका म्हणत होते, "वेणू, तुझं एक पोतं कमी आहे गं. खाल्लंस की काय?"

"खाईन हो काका," मावशी म्हणाली. "तुमच्या डब्यातली चटणी द्या, म्हणजे खाते!"

सगळे हसले. तेवढ्यात मावशीच्या अंगठ्याला गुदगुली झाली.

"अगं बाई! चवळीचा दाणा चालायला लागला!"

"मावशी गं मावशी, जरा ये!"

"का गं?"

"पोतं हलेना, दार उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

मावशीने कपाळाला हात लावला. "तुझ्या दारावर ठेवलं मी पोतं? चुकलं गं माझं! चालताना खाली बघते. पोतं ठेवताना नाही बघितलं. पण आत्ता कशी येऊ? वाटेत पाखरीण बसलीय अंड्यांवर. तिला बघून तर मी पोतं तिथेच टाकलं आणि वळसा घालून आले. मी गेले तर ती उडेल. ती उडाली तर अंडी भाजतील. पाखरीण उठली तर येईन. नाही तर नाही!"

चवळी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

पाखरीण बसली होती उघड्या वाळूवर. तिच्या पोटाखाली तीन अंडी. वाळूच्या रंगाची. टिपक्याटिपक्यांची. दिसतायत म्हणावं तर दिसत नाहीत.

"पाखरिणी गं पाखरिणी, जरा ऊठ!"

"का गं?"

"मावशी येईना, पोतं हलेना, दार उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

पाखरीण म्हणाली, "पीट् पीट्! डोक्यावर ऊन. पोटाखाली अंडी. मीच त्यांची छत्री. ढग सरकून सावली आली तर उठेन. नाही तर नाही!"

चवळी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

ढग होता पाण्याच्या वर. गुबगुबीत. एका जागी निजलेला.

"ढगा रे ढगा, जरा सरक!"

"का गं?"

"पाखरीण उठेना, मावशी येईना, पोतं हलेना, दार उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

ढग म्हणाला, "घुर्र घुर्र! मी आपला आपण कधी चाललोय? मला ढकलावं लागतं. वारा सुटला तर सरकेन. नाही तर नाही!"

चवळी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

वारा लपला होता मर्यादवेलीत. वाळू संपते तिथे ही वेल पसरते. जांभळी जांभळी फुलं. एक फूल हलत नव्हतं. एक पान हलत नव्हतं.

"वाऱ्या रे वाऱ्या, जरा सूट!"

"का गं?"

"ढग सरकेना, पाखरीण उठेना, मावशी येईना, पोतं हलेना, दार उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

वारा म्हणाला, "शूऽऽ! दर्या निजला की मी निजतो. दर्या उठला की मी उठतो. दर्या वळला तर सुटेन. नाही तर नाही!"

चवळी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु. तिरकी तिरकी, तुरुतुरु. केवढी लांब वाट! दर्याच्या एवढ्या जवळ ती कधीच गेली नव्हती.

चवळी थांबली.

समोर दर्या. डावीकडे दर्या. उजवीकडे दर्या. जिथे आभाळ टेकतं, तिथपर्यंत दर्या. एवढीशी चवळी, आणि एवढाऽऽऽ दर्या!

तरी ती म्हणाली,

"दर्या रे दर्या, जरा वळ!"

"का गं?"

"वारा सुटेना, ढग सरकेना, पाखरीण उठेना, मावशी येईना, पोतं हलेना, दार उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

दर्या हळूच म्हणाला, "चवळे, मी वळलो तर कुठे येईन, माहीत आहे ना? तुझ्याच दारी येईन. आणि दार उघडलेलंच नसलं तर?"

चवळी म्हणाली, "मी खूप पळेन. तू हळू ये."

"हळूच येईन," दर्या म्हणाला. "पण वळणं माझ्या हातात नाही गं. मी एवढा मोठा, तरी मला कुणीतरी ओढतं. वर बघ. चांदोमामाने ओढलं तर वळेन. नाही तर नाही!"

चवळीने वर बघितलं.

अगदी वर.

दिवसाउजेडी चांदोमामा! डोंगराच्या डोक्यावर. अर्ध्या भाकरीसारखा. पांढरा पांढरा. इतका वेळ तिथेच होता. कुणी वर बघितलंच नव्हतं.

तिथे जायचं कसं? वाट नाही. वाळू नाही. चवळीने आपल्या दोन्ही नांग्या उंच धरल्या. केवढ्या नांग्या? मोहरीच्या दाण्याएवढ्या. त्या तिने हलवल्या. आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली,

"चांदोमामा रे चांदोमामा, जरा ओढ!"

"का गं?"

"दर्या वळेना, वारा सुटेना, ढग सरकेना, पाखरीण उठेना, मावशी येईना, पोतं हलेना, दार उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

चांदोमामा खाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला,

"चवळे, एक विचारू? मी रोज दर्या ओढतो. दर्या रोज तुझी रांगोळी पुसतो. तू रागावत नाहीस?"

"नाही रे मामा. पुसली की वाळू ताजी होते. ताज्या वाळूत माझा खाऊ असतो. मग मी पुन्हा काढते."

"पुन्हा?"

"पुन्हा."

"रोज?"

"रोज."

चांदोमामा हळूच म्हणाला, "वरून मला सगळा किनारा दिसतो. रोज रांगोळीने भरलेला. मी म्हणायचो, एवढं कोण काढतं? कुणी राक्षस असेल! आज कळलं. चवळीएवढी तू!"

आणि चांदोमामाने 'नाही तर नाही' म्हटलंच नाही. तो म्हणाला,

"पळ, चवळे. मी ओढतो!"

चांदोमामाने ओढलं, तसा दर्या वळला. खळ्ळ!

दर्या वळला, तसा वारा सुटला. सूंऽऽऽ!

वारा सुटला, तसा ढग सरकला. सर्र सर्र!

ढग सरकला, सावली आली, तशी पाखरीण उठली. पीट् पीट्, भुर्र!

पाखरीण उठली, तशी वेणूमावशी उठली. "चला काका! सावली आहे तोवर उरकू या!"

आणि चवळी? चवळी पळत होती. पुढे चवळी, मागे दर्या. तिरकी तिरकी, तुरुतुरु. खळ्ळ! तिरकी तिरकी, तुरुतुरु. खळ्ळ! दर्या हळू येत होता. तरी येत होता.

तिकडून माणसं येत होती. एकामागे एक. पाऊल बघून पाऊल.

"जपून गं वेणू, डावीकडे अंडी आहेत!"

"दिसतायत हो काका. तुम्ही तुमचे पाय सांभाळा!"

मावशी आली पोत्याशी. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला काका.

"एक... दोन... हैशा!"

मावशी आली, पोतं हललं! पोतं हललं, दार उघडलं!

गोल गोल दार. करंगळीएवढं.

लाट आली. फेस आला. फेसाचं बोट चवळीच्या पाठीला लागलं...

सुळकन! चवळी आत.

गुप्प! दार बंद.

वरून लाट गेली. दाराला काही झालं नाही.

मावशी हुश्श करून उभी राहिली. पोतं खांद्यावर. निघायला तिने एक पाय उचलला. आणि तो उचललेलाच राहिला.

"काय गं?" धाकूकाका म्हणाले. "बगळा झालीस की काय?"

"अहो काका, पाय ठेवू कुठे? बघा तरी!"

काकांनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

पायापाशी रांगोळी. त्याच्या पुढे रांगोळी. त्याच्याही पुढे रांगोळी. गोळी, गोळी, गोळी. फुलं, चांदण्या, वेली. चवळीसारख्या किती कुर्ल्या! लांबच लांब किनारा, आणि सगळा भरलेला. दर अष्टमीला येणारी माणसं ती. पण एवढी रांगोळी त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

वेणूमावशी एका पायावर उभी. पोतं खांद्यावर. डुगडुग डुगडुग.

तेवढ्यात लाट आली. हळूच. खळ्ळ! वाळूची एक पट्टी पुसून गेली. ओली पट्टी. कोरी पट्टी. थेट सुरूच्या झाडाच्या दिशेने.

"बघा," मावशी म्हणाली. "दर्यानेच वाट दिली."

मग सगळी माणसं त्या कोऱ्या पट्टीवरून गेली. एकामागे एक. पाखरिणीच्या अंड्यांशी पट्टी सोडून वर वळली, जपून जपून पलीकडे झाली. माणसं गेली, तशी पाखरीण येऊन बसली. मग ढगही गेला पुढे.

त्या दिवसापासून किनाऱ्यावरचा एक नियम वाढला. पोतं वाळूवर टेकवायचं नाही. खांदा दुखला तर दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचं. टेकवायचं ते मर्यादवेलीच्या पलीकडे. आणि तिथेही आधी खाली वाकून विचारायचं,

"आहे का गं कुणी घरात?"

आणि चवळी?

दर्या गेला लांब. दार उघडलं. चवळी आली बाहेर. तिरकी तिरकी, तुरुतुरु. तिने आधी वर बघितलं. दोन्ही नांग्या हलवल्या.

मग वाळू उचलली, चाटली, गोळी केली, ठेवली.

टप्!

भरती आली, दार लागलं. ओहोटी लागली, दार उघडलं. चवळीची गोष्ट वाळूवर लिहिली. दर्याने पुसली, तुमच्या कानात राहिली.