ताणलेली दोरी

फार जुनी गोष्ट आहे. एका डोंगरी राज्यात एक चित्रकार राहत होता. त्याने काढलेली माणसं आता बोलतील असं वाटे. फक्त धनुर्धर तेवढे निर्जीव दिसत. त्यांच्या हातातलं धनुष्य नुसतं टांगल्यासारखं वाटे.

राजाने दरबारासाठी धनुर्धराचं चित्र मागितलं. तेव्हा चित्रकाराने गडावरच्या एका तिरंदाजाला बोलावून घेतलं.

तिरंदाजाने बाण लावला, दोरी हनुवटीपर्यंत ओढली. कोपर बाणाच्या रेषेत आलं, पाठीचे स्नायू पिळवटले. चित्रकार हरखला.

"असाच थांब," तो म्हणाला.

"फार वेळ धरवत नाही. जरा सैल सोडतो, पुन्हा ओढतो."

"नको. हललास तर सगळं बिघडेल."

तिरंदाज थांबला. त्याचा दंड थरथरू लागला. "आता सोडू का?" त्याने विचारलं. चित्रकार तो थरथरणारा दंडच रंगवत राहिला. तिरंदाजाने पुन्हा विचारलं. मग एकाएकी त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटलं आणि धनुष्य हातातून गळून पडलं. त्यानंतर तो उजवा हात कधीच वर गेला नाही.

चित्र मात्र अप्रतिम उतरलं. राजाने ते दरबारात लावलं.

काही दिवसांनी लोक कुजबुजू लागले. चित्रासमोर उभं राहिलं की उजवा खांदा ठणकतो, म्हणे. दरबार रिकामा झाला की दोरीची करकर ऐकू येते. हळूहळू त्या भिंतीकडे कुणी फिरकेना. राजानेही आसन दुसरीकडे हलवलं.

चित्रकाराला तर भर दुपारी, आपल्या घरातही, आवाज येई: "आता सोडू का?" त्याने चित्रातली दोरी खरवडून सैल रंगवली. रंग वाळला तशी ती पुन्हा ताणली गेली.

शेवटी तो तिरंदाजाच्या दारी गेला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मला ऐकू येत होतं. तरी मी थांबलो नाही."

तिरंदाज उंबरठ्याबाहेर आला. "चला, बघू त्या चित्रातल्याला," एवढंच तो म्हणाला.

दरबारात येऊन तो चित्रासमोर उभा राहिला. चित्रातलं स्वतःचं पिळवटलेलं तोंड पाहून त्याचे डोळे भरून आले.

"सोड, बाबा," तो हळूच म्हणाला. "पुरे झालं."

दोरीचा टणत्कार झाला. चित्रातला धनुर्धर हात खाली सोडून उभा होता, आणि बाण कुठेच नव्हता. चित्रकार उजवा खांदा धरून मटकन खाली बसला. जखम नव्हती, रक्त नव्हतं. पण त्या हाताने पुन्हा कुंचला उचलला नाही.

तिरंदाजाने डाव्या हाताचा आधार देऊन त्याला उठवलं आणि घरी पोहोचवलं.

तात्पर्य: समोरच्याच्या यातना ऐकूनही न थांबता साधलेली कला एक दिवस करणाऱ्यावरच उलटते.