तिवरखोलची आवडी आणि पावणेसात मणांचं विमान

आपल्या आज्यांच्या आया परकर नेसून सागरगोटे खेळत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या काठी तिवरखोल नावाचं गाव होतं. खाली खाडी, वर कातळाचा सडा. सडा इतका सपाट की त्यावर लिंबू ठेवलं तर ते घरंगळायचं नाही. त्या गावात आवडी नावाची बाई राहायची. ती सुकट विकायची आणि काळजी करायची. सुकट बाजाराच्या दिवशी आणि काळजी रोज.

तिचा हात तागडीइतकाच खरा होता. मूठभर जवळा तळव्यावर घेतला की ती तोळ्याचा फरक सांगायची. पारड्यावर माशी बसली तर तेवढंसुद्धा तिला कळायचं, असं म्हणतात. पण घरी आली की तिचं सगळं मोजमाप विस्कटायचं. वर्षाची लेक बायजा शिंकली की आवडीला न्यूमोनिया दिसायचा. नवरा घरी यायला जरा उशीर झाला की ती मनातल्या मनात त्याला दोनदा बुडवून परत वर काढायची. आपण उगाच घाबरतो हे तिला कळत होतं, पण कळून भीती कुठे जाते?

तिचा नवरा धाकू मेस्त्री मचवे बांधायचा. एका वर्षी बंदरातल्या व्यापाऱ्याने त्याच्याकडून मचवा नेला, निम्मे पैसे रोख दिले आणि उरलेल्या निम्म्यांच्या बदल्यात पाच लाकडी पेट्या पाठवल्या. त्या त्याने लिलावात घेतल्या होत्या. का घेतल्या, ते त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

पेट्यांत पोलादाच्या नळ्या होत्या, माशाच्या काट्यांसारख्या लाकडी फासळ्या होत्या, तारा, कप्प्या, दोन चाकं, आणि इंग्रजीतलं एक चोपडं. शाळेच्या गद्रे मास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"धाकू, हे विमान आहे. एका माणसाचं. सुटं पाठवलंय, जुळवायचं आपण."

"मग जुळवू की! मचवा तरी कुठे जुळलेला येतो?"

आवडीने एवढंच विचारलं, "आणि त्यात बसणार कोण?"

धाकू आकाशातल्या घारीकडे बघत राहिला. आवडीला उत्तर मिळालं.

मास्तर चोपड्याच्या शेवटच्या पानावर आले तेव्हा कळलं की इंजिन वेगळं घ्यायचं, पुढे फिरणारा पंखा वेगळा घ्यायचा, पंखांवर ताणायचं कापड आणि त्यावरचं रोगणही वेगळं.

"मग त्या पेट्यांत दिलंनी काय?" शेजारच्या जनाकाकीने विचारलं.

"हौस," मास्तर म्हणाले.

इंजिन पेट्यांच्या तिप्पट किमतीला पडलं. त्यासाठी धाकूने सात वर्षं मुरवलेला साग विकला, पुढच्या तीन मचव्यांचा. बैलगाड्या गेल्यावर तो रिकाम्या जागेवर बराच वेळ बसून होता. कापडाला आवडीची वर्षाची सुकट गेली. रोगणाचे बारा डबे गावाने वर्गणीतून आणले. पंखा मात्र धाकूने स्वतः तासला, शिवणीच्या लाकडाचा, आणि तो इतका नेमका झाला की झाडाखाली टांगला तर नुसत्या श्वासाने फिरायचा, असं म्हणतात.

चोपड्यात एका ओळीखाली लाल रेघ होती. मास्तरांनी पौंडांचे शेर केले आणि सांगितलं, "माणूस, पेट्रोल, सगळं धरून पावणेसात मण. म्हणजे दोनशे सत्तर शेर. त्याच्या वर गेलं तर ते उडणार नाही."

ही ओळ ऐकून आवडीला पहिल्यांदा बरं वाटलं. उडण्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण शेर कळत होते. तिने दोनशे सत्तर चिंचोके मोजून एका परडीत घातले. धाकूचे साठ आणि पेट्रोलचे पंचवीस आधीच काढून ठेवले. मग विमानाला जोडायची प्रत्येक वस्तू आधी तिच्या तागडीवर जायची, जितके शेर भरेल तितके चिंचोके परडीतून जायचे, आणि मगच ती वस्तू धाकूच्या हाती यायची. इंजिन तोलायला तिने आंब्याच्या फांदीला मोठी तागडी बांधली. गावातले बाप्ये हसले. आवडी चिंचोके मोजत राहिली.

सगळं जुळून झालं तेव्हा परडीत सहा चिंचोके उरले होते. आणि मग धाकूने मचवेवाल्याचंच काम केलं. प्रत्येक सांध्यात कापूस ठासला, वर राळ भरली आणि बाहेरून माशाच्या तेलाचे दोन हात दिले.

"हे काय करताय?"

"पाणी शिरू नये म्हणून."

"अहो, पाणी शिरायला ते पाण्यात जाणार आहे का?"

धाकूने तेलाचं भांडं खाली ठेवलं. जन्मभर एकच शत्रू ओळखलेला माणूस तो. नंतर आठ दिवस दोघं पटाशीने राळ खरवडत होती.

उडवायला धाकूला कुणी शिकवलं? चोपडं मास्तर वाचायचे आणि बाकीचं घारी सांगायच्या, असं म्हणतात.

दसऱ्याला सगळं गाव सड्यावर जमलं. विमानाला हळदकुंकू लागलं. धाकू बसला, पंखा फिरला आणि विमान धावत सुटलं. सडा जिथे संपतो तिथे सरळ कडा आहे आणि खाली खाडीचे खडक. विमान धावलं, धावलं, पण चाकं काही कातळ सोडेनात. कडा चाळीस पावलांवर आला तेव्हा धाकूने ते थांबवलं. दुसऱ्यांदा धावलं, तेव्हा दहा पावलांवर थांबलं.

धाकू परत आला तो लालबुंद होऊन. "आता मी नाही थांबायचा. शेवटच्या पावलाला उचलेल."

आवडीने परडी बघितली. सहा चिंचोके शिल्लक होते. मग वजन आलं कुठून? तिने बायजाला मास्तरांच्या कडेवर दिलं आणि विमान चाचपायला सुरुवात केली. शेपटीत नारळ निघाला. तो जनाकाकीचा. पंखाच्या टोकाला घोड्याची नाल होती, फासळ्यांमध्ये ताईत, सुपाऱ्या, ग्रामदेवीचा अंगारा, कुणाची तरी पितळी घंटा. ज्या ज्या घराने वर्गणी दिली होती, त्या त्या घराने गुपचूप आशीर्वादही घातला होता. आवडीने एकेक वस्तू ज्याची त्याला परत दिली. सगळ्या मिळून परडीत शिल्लक होते तेवढे सहा शेरही भरत नव्हत्या. म्हणजे खोट अजून आतच होती.

जनाकाकी नारळ पदरात घेत म्हणाली, "आमचं सगळं काढलंन हो! आता स्वतःचं काय घातलंन, ते काढ म्हणावं."

ती थट्टेनेच म्हणाली होती. पण आवडीला ते लागलं.

कारण धाकूच्या बसायच्या जागेमागे एक गाठोडं होतं. ते तिनेच काल कोंबलं होतं आणि ते तागडीवर गेलं नव्हतं. जिने रोगणाचा थेंबन् थेंब तोलला, तिला आपलं गाठोडं तोलायचं सुचलंच नव्हतं. भाकरीचं काय मोठं वजन, असं तिला वाटलं होतं. आणि आता तिच्या मनात आलं, नाही सांगितलं तर? उडणारच नाही विमान. राहील माणूस जमिनीवर. मग तिने कड्याकडे बघितलं आणि आता न थांबणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं.

"उतरा जरा," ती म्हणाली.

गाठोडं निघालं. सगळ्या गावासमोर ते तागडीला लागलं. साडेअकरा शेर. आत दहा भाकऱ्या, चटणीचा डबा, पाण्याचा तांब्या, घोंगडी, सुंभाचा दोर, कोयती, हळदीची पुरचुंडी, कोरडं धोतर आणि छत्री.

"विमानात छत्री?" मास्तर म्हणाले.

"लागलीच तर," आवडी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. डोळेही भरून आले.

धाकूने छत्री उचलून बघितली. मग हळूच म्हणाला, "आवडे, एवढं सगळं लागायचं असेल तर मी जाऊच कशाला?"

"एक भाकरी तरी खाऊन जा."

"पोटात गेली तरी वजन तेवढंच गो," जनाकाकी म्हणाली.

तेव्हा आवडीने भाकरी परत बांधली. असं म्हणतात की तिच्या आयुष्यात तेवढं जड काही तिने कधी उचललं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला विमान धावलं ते थांबलं नाही. ते कड्यावरून पुढे गेलं, खाली बुडालं आणि दिसेनासं झालं. सगळं गाव कड्याकडे धावलं.  आणि मग कड्याखालून, घारी येतात तसं, विमान तरंगत वर आलं. खाडीतल्या मचव्यांची शिडं वाऱ्यावाचून फुगली, घारींनी वाट करून दिली, आणि धाकूने गावाला तीन फेऱ्या घातल्या, असं म्हणतात. एक चाक वाकडं करून तो सड्यावर उतरला. त्याचा पहिला शब्द होता, "भूक लागलीय."

आवडीने गाठोडं सोडलं. दहाच्या दहा भाकऱ्या संपल्या.

ते विमान पुढे किती वर्षं उडालं यावर गावात एकमत नाही. कुणी चार म्हणतात, कुणी चाळीस. पण सड्यावर, जिथे आता एसटी वळते, तिथे एक सपाट धोंडा आहे. गावातून कुणीही लांबच्या वाटेला निघालं, मुंबईला, बोटीवर नाहीतर कॉलेजच्या होस्टेलला, की बॅग भरून देणारं माणूस तिथे बसून ती बॅग उघडतं आणि एक वस्तू काढून धोंड्यावर ठेवतं. याला 'आवडीचं काढणं' म्हणतात. जाणाऱ्याने काढलेलं चालत नाही, भरणाऱ्यानेच काढायचं. वस्तू ज्याला हवी त्याने न्यावी. लाडवांचे डबे असतात, मफलर असतात, पावसाळा संपल्यावरही छत्र्या असतात.

वस्तू काढून झाली की मागे वळून न बघता घरी जायचं, असा नियम आहे. तो आजवर कुणालाही पाळता आलेला नाही.