डोलकाठीची तक्रार

"माझं कुणी खरं मानलंच नाही," ही डोलकाठीची तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे.

फार मागे हिराजी तांडेलाने होडीवर पंचवीस वॅटचा वायरलेस आणला. त्याचं नाव गर्जन्या. डोलकाठी म्हणाली, "बाबा, तुझी एरियल माझ्या डोक्यावर बांधून घे. समुद्राची पाठ फुगीर असते, तिच्यापलीकडे आवाज जात नाही."

"अगं वाळकुडे, उंची दुबळ्यांना लागते!" गर्जन्या हसला. तांडेलाला तेच पटलं. एरियल खाली केबिनवर बसली, काठीवर झेंडा चढला.

एकदा किनाऱ्यापासून लांब इंजिन बंद पडलं आणि होडी खडकाकडे वाहू लागली. गर्जन्या ओरडून ओरडून थकला, बॅटरी संपत आली, बंदरातून उत्तर नाही.

"आता तरी ऐक मेल्या!" काठी कडाडली. तांडेलाने झेंडा उतरवून एरियल वर चढवली. उरल्या बॅटरीत गर्जन्या एका वॅटवर नुसता पुटपुटला. लगेच उत्तर आलं, "येतोय, तांडेल!"

बंदरावर सगळे गर्जन्याला शिव्या घालू लागले. तांडेलाची बायको पारू नवऱ्याचं नाव कधी घेत नसे. त्या दिवशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तो तर ओरडणारच. त्याच्या ओरडण्याला भुललं कोण? हिराजी!"