पाटीभर मातीची कहाणी

ऐका पाळजाई आई, तुझी कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराच्या डोक्याशी थोरलं तळं होतं. तळ्याला मातीचा उंच बांध होता, त्याला तिथली माणसं पाळ म्हणत. पाळीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला पायथ्याशी उंबराचं झाड, उंबराखाली पाळजाईचं देऊळ, आणि देवळाच्या खाली सगळं नगर. पाळ आहे तोवर नगर आहे. म्हणून पूर्वीपासून रीत अशी, की श्रावणातल्या सोमवारी घरटी एका बाईनं माळावरची पाटीभर माती डोक्यावरून आणावी, पाळीवर टाकावी, पायथ्याशी उतरून पाझर बघावा, देवीला हात जोडावे, मग घरी जाऊन जेवावं.

पुढं काय झालं? नगराला नवी राणी आली. तिला घाटाची भारी हौस. राजानं पाळीवर फरशी घातली, पाण्यात उतरायला पायऱ्या बांधल्या. राणी म्हणाली, बायकांच्या पाट्यांनी फरशी मळते. मग राजानं दवंडी पिटवली, फरशीवर माती आणायची नाही. बायकांनी वरवर हळहळ केली, नि पाट्या माळ्यावर टाकून दिल्या. खरं सांगायचं तर मानेचा ताप गेला म्हणून सगळ्या खूश झाल्या. बायांनो, आपणही झालो असतो.

त्या नगरात रायाजी नांवाचा पाळकरी होता. पाळीची राखण वाडवडिलांपासून त्याच्या घरी. बायको त्याची करारी, मुलगा गुरं घेऊन दूर रानात, आणि घरात एक सून, तिचं नांव साळू. साळू कामाला चोख. पण बोलायची वेळ आली की तिचा घसा कोरडा पडे. सासूशी बोलणं दाराआडून, सासऱ्याशी तर तेही नाही. भातात मीठ राहिलं तर मागायची नाही, तसाच अळणी गिळायची. सासू म्हणे, माझी सून गुणाची, तिला तोंड म्हणून नाही. हे कौतुक होतं की काय होतं, ते साळूला कधी कळलं नाही.

श्रावण लागला. साळू धुणं घेऊन पाळीकडे निघाली. वाटेत एक म्हातारी बसलेली, पुढ्यात मातीची भरली पाटी. म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्या बाईला विनवत होती, बाई, पाटीला हात लाव. सावकारीण आली, म्हणाली माझं लुगडं नवं आहे. पुढं गेली. भटीण आली, म्हणाली मी सोवळ्यात आहे. पुढं गेली. मग साळू आली. तिनं धुणं खाली ठेवलं नि पाटीला हात लावला. म्हातारीच्या डोक्यावर पाटी चढेना, तेव्हां ती आपल्याच डोक्यावर घेतली.

म्हातारीनं ती पाटी पाळीच्या उतारावर टाकवून घेतली. मग साळूनं घसा खाकरून कसंबसं विचारलं, आजी, हे काय करतां? म्हातारी म्हणाली, वसा वसते. साळू म्हणाली, मला सांगाल? म्हातारी म्हणाली, तुला कशाला? अर्धा करशील नि अर्ध्यावर सोडशील. साळू म्हणाली, सोडणार नाही. म्हातारी म्हणाली, तर ऐक.

"तीन सोमवार उपास धरावा. माळावरची पाटीभर माती आणून उतारावर टाकावी, फरशीला लावूं नये. मग खाली उतरून पाझर बघावा. पाणी निर्मळ आलं तर पाळीला नुसता घाम आला समजावं. गढूळ आलं तर पाळ आतून खाल्ली जाते आहे समजावं. आणि जे पाहिलं, ते सांगावं. मग जेवावं."

साळूनं विचारलं, कुणाला सांगावं? म्हातारी म्हणाली, "ज्याला सांगायची भीति वाटेल, त्यालाच. पाटी रिकामी आणूं नको, नजर फिरवूं नको, बोल गिळूं नको."

साळू धुण्याकडे वळली. वळून पाहते तर म्हातारी नाही.

पहिला सोमवार आला. साळूनं पाटी आणली, माती टाकली, खाली उतरली. देवळामागं पाझर होता, दोऱ्याएवढा, निर्मळ. आता यात सांगायचं काय? साळूनं अंगणातल्या तुळशीला सांगितलं, पाणी निर्मळ आहे हो. मग जेवली. भात गोड लागला.

दुसरा सोमवार आला. साळूनं पाटी आणली, माती टाकली, खाली उतरली. पाझर बोटाएवढा झालेला, नि पाणी तांबडं. घरी आली, सासूला सांगायला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सासूनं मान वर केली नि विचारलं, काय गं? साळू म्हणाली, काही नाही. मग गोठ्यात गेली नि म्हशीला सांगितलं. म्हशीनं कान हलवला. साळूला वाटलं, झाला वसा. पण जेवायला बसली तर पहिल्या घासाला दाताखाली माती करकरली. दुसऱ्याला करकरली, तिसऱ्याला करकरली. साळू ताटावरून उठली नि तशीच उपाशी राहिली.

तिसरा सोमवार आला. आदल्या आठवड्यात डोंगरावर पाऊस झालेला, तळं काठोकाठ भरलं होतं. राजाराणी तळ्याची ओटी भरायला येणार, मग खाली उतरून पाळजाईची ओटी भरणार. आणि पाळ चांगली राखली म्हणून रायाजी पाळकऱ्याला राजा आज सगळ्यांदेखत पागोटं बांधणार. घरात आनंदीआनंद. सासूनं पहाटेच चार बायका जमवल्या. देवळामागं चिखल झाला आहे, राणीचे पाय भरतील, म्हणून त्यांनी काय केलं? ओली जागा शेणानं सारवून काढली. वर रांगोळी घातली. बाई, पाझर कधी शेणानं थांबतो का? पण पाहुणे येणार म्हटलं की आपण आधी सारवतो, मग विचार करतो.

साळू पाटी घेऊन आली. माती टाकली, खाली उतरली. बघते तर पाझर नाहीच, सारवलेली स्वच्छ जागा नि तीवर रांगोळीचं कमळ. साळूला केवढं हलकं वाटलं. दिसतच नाही, तर सांगायचं काय? आता घरी जावं, हातपाय धुवावे, पोटभर जेवावं. ती वळलीसुद्धा. मग तिला आठवलं, नजर फिरवूं नको. ती थांबली नि परत पाहूं लागली.

कमळाच्या मधोमध एक ठिपका काळा झाला. ठिपक्याची रेघ झाली. तिथंच उभ्या सासूनं चटकन शेणाचा हात फिरवला नि रांगोळी ओढली. पुन्हा रेघ आली. पुन्हा हात फिरवला. तिसऱ्यांदा पाणी मनगटाएवढं आलं, काळंशार, आणि रांगोळी वाहून गेली. सासूनं साळूचा दंड धरला. म्हणाली, "बोलूं नको. आज मामंजींना मान मिळायचा आहे. सगळं होऊं दे, मग बघूं."

साळू देवीपुढं जाऊन उभी राहिली. हात जोडले. आई, मला येत नाही बोलायला, हे तुला ठाऊक आहे. तू दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लाव. देवी बोलली नाही, कौल दिला नाही, फूलही पडलं नाही. नुसती समईची वात जळत होती. वर पाळीवर ताशे वाजूं लागले. साळूनं खाली नगराकडे पाहिलं. घराघरांतून धूर निघत होता, दारांत पोरं खेळत होती, अंगणांत धुणी वाळत होती. तेव्हां तिला कळलं, दुसरं कुणी नाही. देवीनं ज्याला दाखवलं, त्यानंच सांगायचं.

मग तिनं देवळातला तांब्या उचलला, त्या काळ्या पाण्यानं भरला, नि पाळ चढूं लागली. वाटेत कुठं थांबली नाही. राणीच्या हातांत खण नारळ होता, राजा शेजारी, मागं गांवची माणसं. साळू गर्दीतून पुढं गेली नि तांब्या राजाच्या पायाशी ठेवला. ताशे थांबले.

राजानं विचारलं, हे काय? साळूनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. मग निघाला, बारीक, पण निघाला.

"महाराज, हे पाणी पाळीच्या पोटातलं आहे. आधी निर्मळ होतं, मग तांबडं झालं, आज काळं आहे. पाळ आतून चालली आहे. पाणी सोडायची मोरी उघडा, तळं उतरूं द्या, नाहीतर खालचं नगर राहायचं नाही."

लोक कुजबुजले. रायाजीची मान खाली गेली. राजा रागावला. म्हणाला, माझा पाळकरी म्हणतो पाळ भक्कम आहे, आणि त्याचीच सून उलट सांगते? मोरी उघडली तर वर्षाचं पाणी वाया जाईल. खोटं ठरलीस तर तुला नगराबाहेर घालवीन. बोल, शब्द मागं घेतेस?

साळू म्हणाली, नाही महाराज.

राजानं दुसऱ्यांदा विचारलं, सासऱ्याचा मान घालवतेस, शब्द मागं घेतेस? साळूच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, नाही महाराज.

राजानं तिसऱ्यांदा विचारलं. आणि या खेपेला साळूचा आवाज इतका खणखणीत निघाला, की पाळीखाली उभ्या सासूला ऐकूं गेला. "नाही महाराज. मला देवीनं दाखवलं, मी तुम्हांला सांगितलं. आता ऐकणं तुमच्याकडे."

मग रायाजी पुढं आला. त्यानं तांब्यात हात घातला, तळाचा गाळ दोन बोटांत धरला नि चोळला. गाळ लोण्यासारखा मऊ लागला. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पाळीचं वरचं अंग तांबड्या मुरुमाचं, पण आतला गाभा काळ्या चिकणमातीचा. ती माती त्याच्या आजानं पायांनी तुडवून भरली होती, आणि लहानपणी त्यानंही तुडवली होती. ती ओळखायला त्याला डोळे लागत नव्हते.

रायाजीनं डोक्याचं जुनं पागोटं काढलं नि राजापुढं ठेवलं. म्हणाला, "महाराज, फरशी झाली तेव्हांपासून मी खाली उतरून पाहिलं नाही. वरून छान दिसत होतं. माझी सून खरं बोलते. मोरी उघडा."

मग राजानं वेळ दवडला नाही. दोन्ही मोऱ्या उघडल्या. पाणी ओढ्यानं धो धो निघालं. दवंडी पिटली, पोरंबाळं, गुरंढोरं, म्हातारेकोतारे सगळे माळावर गेले. राणी ओटीचा खण कमरेला खोवून एका आंधळ्या आजीला हाताला धरून चढली. सासू दोन हंडे नि म्हैस घेऊन चढली. सगळे माळावर बसले नि पाळीकडे बघत राहिले. एक पायरी उघडी पडली. दुसरी पडली. तिसरी पडली. उन्हं कलती झाली, सहावी पायरी उघडी पडली, आणि रायाजी पायथ्याशी उतरून पाझरापाशी बसला. मनगटाएवढा होता तो बोटाएवढा झाला, बोटाएवढा होता तो दोऱ्याएवढा झाला, मग थांबला. रायाजीनं खालून हात वर केला. माळावर बसलेल्या सगळ्या नगरानं एकदम श्वास सोडला, आणि मग जो तो रडूं नि हसूं लागला.

दुसऱ्या दिवशी खणून पाहिलं. खेकड्यांच्या बिळांतून पाणी शिरलेलं, गाभा पोखरून आत खोलीच झालेली. सासूला खरं वाटेना. ती आत जाऊन बसली, तर डोकं वर टेकेना. आतूनच म्हणाली, "अगं बाई, आणि मी यावर रांगोळी काढत होते." बाहेरच्या बायका हसून हसून लोळल्या. सासूही हसली, नि मग बाहेर येऊन साळूच्या पाठीवरून हात फिरवला.

राजानं फरशी उखडून टाकली. माळ्यावरच्या पाट्या खाली आल्या. पहिली पाटी राणीनं आणली, मान लचकली तरी आणली. राजानं रायाजीला पागोटं देऊं केलं. रायाजी म्हणाला, आधी हे भगदाड भरूं द्या. साळूला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, सोमवारची माती चालूं करा, आणि पाझर बघून येणाऱ्या बाईचं कुणीतरी ऐकून घ्या. राजानं दोन्ही कबूल केलं. पाळ भरली, धुमसानं चोपली, पहिल्यापेक्षा भक्कम झाली. हस्ताचा पाऊस चांगला लागला, तळं पुन्हा भरलं, पाझर दोऱ्याएवढा आला, निर्मळ आला.

आणि तिसऱ्या सोमवारचा उपास? तो त्याच दिवशी माळावरून परतल्यावर, दिवेलागणीला सुटला. साळू आधी देवीला हात जोडायला गेली. बघते तर पाळजाईच्या मस्तकावर ओली माती, नि पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलानं भरलेले. साळूनं ओळखलं, वाटेवरची म्हातारी ती हीच. पदरानं पाय पुसले. मग घरी आली. सासूनं ताट वाढलं. साळूनं पहिला घास घेतला. माती करकरली नाही. पण तिनं हातातला दुसरा घास खाली ठेवला, दाराआडून नाही, समोर बसून, सासूकडे बघून म्हणाली,

"आत्याबाई, भातात मीठ नाही."

सासू बघतच राहिली. मग उठली, नि मीठ घेऊन आली.

जशी पाळजाई साळूच्या आवाजात उभी राहिली, तशी तुमच्या आमच्या आवाजातही उभी राहो. पाहिलेलं सांगायचा धीर सगळ्यांना होवो, सांगितलेलं ऐकायची बुद्धि सगळ्यांना होवो. ही साठां बोलांची कहाणी पांचा बोलांत आवरली, देवीच्या पायांशी ठेवली, फळाला आली, पुरी झाली.