शेवंतीचे खांब

सांभाळून या. हे काळे खांब तुम्ही पायऱ्या समजून चढताय खरे, पण ते कोणी रचलेले नाहीत. प्रत्येकाला पाच-सहा कडा, आणि समुद्रापासून थेट कड्याच्या माथ्यापर्यंत एकाला एक खेटून उभे. मध्यंतरी एक प्रोफेसर आले होते. लाव्हा थंड होताना असाच तडकतो म्हणाले. असेल. पण जाताना त्यांची पिशवी आली तेव्हापेक्षा जड दिसत होती, म्हणून मी त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवलेला नाही. तुमच्याही पिशव्यांवर माझं लक्ष आहे, रागावू नका. आम्हा गुरवांच्या घराला संशयाची खोडच आहे. ती कोणाला महागात पडली, त्याचीच ही गोष्ट.

फार पूर्वी इथे वाटच नव्हती, असं सांगतात. कडा सरळसोट, वर समुद्रगरुडाचं घरटं, खाली लाटा. ती घळ दिसते ना, तिथे शेवंती नावाची विधवा गाबतीण एकटी राहायची. होडी नाही, जाळं नाही. खडकावरची कालवं फोडून पोट भरायची. बाकीचे गाबीत खाडीच्या तोंडाशी जाळी बांधत आणि ओहोटीला मासळी काढत. एका वर्षी जाळी रिकामी निघू लागली. गाठी जागच्या जागी, मासळी गायब. मग शेजारी शेजाऱ्याच्या चुलीचा वास घेऊ लागला. बायका पाण्यावर गेल्या तरी एकमेकींशी धड बोलेनात. आणि एके दिवशी कोणीतरी घळीच्या तोंडाशी खवल्यांचा नि काट्यांचा ढीग पाहिला.

गावाने देवाला कौल लावायचं ठरवलं. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कौल लावणारा सोमा गुरव आमचाच पूर्वज. त्याने गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, की चोर घळीत राहतो का? उजवी कळी पडली. पुढे काही विचारायची कोणाला गरजच वाटली नाही.

शेवंती तेव्हा कालवं काढत होती. तिला तिथेच निरोप पोचला, की गावाने तुला वाळीत टाकलंय, भरतीच्या आत हद्द सोड. गावातून जाणारी वाट माणसांनी अडवली होती. मागे पाणी चढत होतं, पुढे हा कडा. ती कड्याकडे चालू लागली. तिने पाऊल उचललं की त्याखाली एक खांब वर यायचा म्हणे. माथ्यावर पोचेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. खांबांबद्दल मलाही शंका आहे. ती गेली याबद्दल मात्र नाही.

जाळी त्यानंतरही रिकामीच निघाली. चौथ्या दिवशी सोमा स्वतः खडकाआड दबा धरून बसला. एक पाणमांजर दोन पिलांना घेऊन जाळ्यात शिरलं, तोंडात मासळी धरून बाहेर आलं आणि सरळ घळीत गेलं. देव खोटं बोलला नव्हता.

सोमा याच खांबांवरून पलीकडच्या गावी धावला. शेवंती एका परक्या ओसरीवर कालवं फोडत बसली होती. त्याने तिचे पाय धरले, घरी चल म्हणून विनवलं. तिचं काम थांबलं नाही.

"तुमी देवाक इचारलात," ती म्हणाली. "माका कोणी इचारूक नाय."

ती परत आली नाही. लोकांनी तिला तिथेच एक खोपटं बांधून दिलं, आणि तिने उतारवयात जवळ केलेल्या एका पोरक्या मुलीने तिचं घर पुढे चालवलं.

आजही दर वर्षी कार्तिकात आमच्या घरातला कर्ता पुरुष अनवाणी ही वाट चढून त्या घरी जातो. गेली एकतीस वर्षं मी जातो. अंगणात उभं राहायचं, घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईसमोर हात जोडायचे आणि विचारायचं, "शेवंतीबाय, मासळी तू नेलंस काय?" उत्तर ठाऊक असलं तरी ते ऐकल्याशिवाय अंगणातून हलायचं नाही.

"नाय," ती म्हणते.

एवढंच विचारायला सोमाला घळीपर्यंत शंभर पावलं जावं लागलं असतं. मला दोन कोस चालावं लागतं.