दाराआड आधी कोण?

माणसाने कुलूप घडवलं त्याच्याही कितीतरी आधी रानात बिळांना काटेरी दारं बसवणारे कारागीर होते. पंचायतीच्या दाखल्याशिवाय कुणी दार बसवायचं नाही, असा तिथला नियम होता.

सशिणीच्या बिळाभोवती दोन दिवस कोल्ह्याची पावलं उमटत होती. तिला घास गोड लागेना. घाईघाईत तिने साळिंदराला बोलावलं आणि त्याने घटकाभरात दार बसवूनही दिलं.

"दादा, तुमच्याकडे दाखला आहे ना?" तिने चाचरत विचारलं.

"दाखल्याने का दार घट्ट होतं, ताई? पोरांना आत घाला आणि खुशाल चरायला जा."

ती पिल्लांना आत लोटणार, तोच दाखले देणारा रानडुक्कर समोर उभा राहिला. सशीण दार झाकत पुढे झाली. पण तो रागावला नाही.

"दाखल्याची परीक्षा एकच," तो साळिंदराला म्हणाला. "तुझी पिल्लं आत ठेव. मी बाहेरून धडक देतो."

जवळच खेळणारी साळिंदराची पिल्लं हौसेने दाराकडे धावली. साळिंदर झटकन त्यांना आडवा आला.

"जरा थांबा," तो खाली बघत म्हणाला, "खालचे दोन काटे रोवायचे राहिलेत."