न पाजण्याच्या वशाची कहाणी

ऐक जिवती आई, तुझी कहाणी. आणि बायांनो, कुजबूज पुरे, हातात अक्षता घ्या.

एका आटपाट नगरात अनसू नावाची सून होती. तिला पाचवा महिना लागला, आणि छातीत गाठ निघाली. गाठ कॅन्सरची. सासू म्हणाली, "औषध नको, पोर जळेल." नवरा म्हणाला, "पोर नको, तू जग." शेजारीण म्हणाली, "दोन्ही नको, अंगारा लाव." असली शहाणी माणसं कुठल्या नगरात नसतात?

मग अनसू डॉक्टरीणबाईंकडं गेली. "बाई, मला दोन्ही जीव हवेत. वसा सांगा." बाई म्हणाल्या, "पहिले तीन महिने सरलेत, आता हे औषध देता येतं. दर खेपेला पोटातलं लेकरू तपासू. भिऊन मधेच टाकू नकोस."

मग पहिल्या खेपेला ती ओकली. दुसऱ्या खेपेला केस गेले. तिसऱ्या खेपेला पायरी चढवेना. पण वसा टाकला नाही.

दिवस भरायच्या थोडं आधी मुलगी झाली. मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठेवला. सासूनं बोटं बघितली, कान बघितले, टाळू बघितली. सगळं जागच्या जागी. सासू रडली.

बाई म्हणाल्या, "औषध अजून चालू आहे, दुधात उतरतं. अंगावर पाजायचं नाही." हा खरा उपास! वरचं दूध पोर थुंकून टाकी. वजन उतरू लागलं. आईची चोळी भिजे.

सासू म्हणाली, "एक घोट पाज गं. देव बघत नाही."

"देव नसेल बघत. विष पोरीच्या पोटात जाईल." पाजलं नाही.

मग थोरली जाऊ सगुणा आली. तीही ओली बाळंतीण. चुलीवरनं बिनसलेलं, वर्षभर दोघींचा अबोला. म्हणाली, "दे इकडं."

"अक्का, माझ्याशी बोलत नाही ना तुम्ही?"

"तुझ्याशी कोण बोलतंय? मी पोरीशी बोलतेय."

बाईंनी सगुणेचं रक्त तपासलं, होकार दिला. मग पोर जी चिकटली, ती सुटेना.

पुढं औषध संपलं, गाठ गेली. पोर बाळसं धरून रांगू लागली. बाईंनी काळीज तपासलं, कान तपासले, चांगले निघाले.

श्रावणातल्या शुक्रवारी अनसूनं सगुणेची ओटी भरली, पाया पडली, दुधाचा पेला हातात दिला. सगुणेनं घोट घेतला. "मेले, तुझ्या पोरीनं मला वाळवलं, आणि तू पेल्यात साखर घालायला विसरलीस?"

दोघी हसल्या, दोघी रडल्या.

जिवती आई, तिला पावलीस तशी सगळ्यांना पाव. गाठ लागली तर लपवू नका, आणि अशी जाऊ असेल तर भांडू नका. साठ उत्तरांची कहाणी पाचांत आटोपली; फळली, संपली. टाका अक्षता.